ग्राहकास समजावून सांगितले

आमच्या गाडीच्या ब्रेकचं पेडल दाबलं की बेचाळीस मिलिमीटर खाली जातं आणि थांबतं. निदान त्याने थांबावं अशी अपेक्षा असते. मी ते स्टीलच्या पट्टीने एकशे सहा वेळा मोजलं. पंचाण्णव वेळा ते थांबलं. अकरा वेळा थांबलं नाही. आवाज न करता, घाई न करता, कंटाळवाण्या सभेतून एखादा माणूस मागच्या दाराने सटकतो तसं ते पायाखालून निघून गेलं आणि गाडीच्या तळाला जाऊन टेकलं. पाय उचलून पुन्हा दाबलं की परत बेचाळीस. जणू काही झालंच नाही.

पट्टीबद्दल कुणी शंका घेऊ नये. मी मापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. दुकानांतले तराजू, दवाखान्यांतले तापमापक, कारखान्यांतले दाबमापक असं सगळं आमच्याकडे येतं, आणि ते खरं बोलतंय की खोटं एवढंच आम्ही सांगतो. गेली एकोणीस वर्षं मी हेच करते आहे. या एकोणीस वर्षांत एकाही तराजूने मला, ‘मॅडम, तुमच्या बघण्यातच चूक आहे,’ असं ऐकवलेलं नाही. तराजूंना तेवढी रीतभात असते.

गाडी आम्ही एकट्यांनी घेतली नव्हती, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींनी एके दिवशी शोध लावला की नऊ जणांनी मिळून एकाच प्रकारच्या नऊ गाड्या घेतल्या तर घसघशीत सवलत मिळते, शिवाय पायाखालची रबरी पायपुसणी फुकट. पायपुसण्यांचं नाव निघाल्यावर उरलासुरला विरोध मावळला. जिन्यातला दिवा पिवळा असावा की पांढरा यावर ज्या नऊ कुटुंबांचं सहा वर्षांत एकमत झालेलं नाही, त्यांनी एका संध्याकाळी नऊ पांढऱ्या गाड्या घेतल्या. पांढऱ्याच, कारण बाकीच्या रंगांना सवलत नव्हती. पहिल्या आठवड्यात तीन जण दुसऱ्याच्या गाडीला किल्ली लावून शिव्या घालत उभे होते. दाताच्या डॉक्टरांनी तर एका रविवारी पाऊण तास मन लावून आमची गाडी धुतली आणि वर आमच्याकडेच तक्रार केली, की स्वतःची गाडी घाण ठेवणारे लोक इमारतीत आहेत.

मग नऊ घरांचा फोनवर एक ग्रुप झाला. नाव ‘आपली गाडी’. या नावातच पुढचं संकट होतं. गाडी आपली म्हटल्यावर तिला नाव ठेवणं म्हणजे घरातल्या माणसाला चारचौघांत नाव ठेवण्यासारखं झालं.

आमच्या फाटकातून बाहेर पडलं की रस्ता सव्वाचारशे मीटर सरळ खाली उतरतो. दर बारा मीटरला एक मीटर, म्हणजे चांगलाच. उतार जिथे संपतो तिथे शाळा आहे. सकाळी पावणेआठला मुलं तिथे रस्ता ओलांडतात, आणि पावणेआठलाच आमच्या नऊ पांढऱ्या गाड्या एकामागून एक कामावर निघतात.

त्या गुरुवारी मी सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेत होते. उतार उतरत आले, पुढे मुलं दिसली, मी नेहमीसारखा हळूहळू ब्रेक दाबत नेला आणि पेडल खाली गेलं ते गेलंच. पाय उचलला, पुन्हा दाबला, तेव्हा गाडी थांबली. एका मुलीचं दप्तर माझ्या बंपरपासून वीतभर अंतरावर होतं. या संपूर्ण हकिगतीत हे एकच माप मी अंदाजाने सांगते आहे, कारण तेव्हा माझ्याकडे पट्टी नव्हती. मुलगी मागे न बघता निघून गेली.

“काय झालं गं?” सासूबाई.

“ब्रेक लागला नाही.”

“लागला की. थांबलो ना आपण.”

“दुसऱ्यांदा लागला.”

 त्या दोन सीटांच्या मधे बोट दाखवून म्हणाल्या, “हा दांडा कसला?”

“हँडब्रेक. ओढला की मागची चाकं थांबतात.”

“त्याला तुझा पाय लागत नाही?”

“नाही.”

“बरं,” असं म्हणून त्यांनी त्या दांड्यावर हात ठेवला, तो दवाखाना येईपर्यंत काढला नाही. येतानाही काढला नाही. सासूबाई चौथीपर्यंत शिकल्या आहेत. पुढच्या दोन महिन्यांत या विषयात मला भेटलेली ती एकमेव समंजस व्यक्ती.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, “तू दाबतेसच हळू. तुझं सगळंच हळू असतं. ब्रेक कसा, कचकन दाबायचा.”

“हळू दाबला तरी लागायला हवा ना?”

“अगं, तो ब्रेक आहे, हार्मोनियम नाही.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हाच तो तळपाय, ज्याच्याखालून सकाळी पेडल गेलं होतं.

खरं सांगायचं तर या नऊ गाड्या त्या उतारावर जाता कामा नयेत, हे मला त्याच गुरुवारी कळलं होतं. ते कुणाला तरी मोठ्याने सांगायला हवं होतं. मी त्याऐवजी पट्टी आणली. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नाही, असं आम्हाला शिकवलेलं असतं. हे शिकवणाऱ्यांना उताराखालची शाळा माहीत नव्हती.

दहा दिवस रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी पार्किंगमध्ये गाडीत बसून पेडल मोजत होते. नवव्या दिवशी गोम कळली. ब्रेकचं तेल पुढे ढकलणाऱ्या नळकांड्यात एक रबरी कडी असते. पेडलवर एकदम जोरात पाय मारला की ती कडी फुगून घट्ट बसते आणि ब्रेक उत्तम लागतो. शांतपणे, एकसारखा दाब दिला, तेही गाडी तापलेली असताना, की कधीकधी तेल त्या कडीच्या बाजूने हळूच मागे निसटतं आणि पेडल बसत जातं. म्हणजे लाथ मारणाऱ्या माणसाला हा दोष आयुष्यभर दिसणार नाही. तो फक्त नीट गाडी चालवणाऱ्यालाच दिसणार.

वही, आलेख आणि गाडी घेऊन मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. तिथे काचेच्या टेबलामागे गळ्यात टाय बांधलेले एक सल्लागार होते. त्यांनी माझा आलेख उलटा धरून अर्धा मिनिट पाहिला आणि म्हणाले, “छान काढलाय.” मग मेकॅनिकला बोलावलं. मेकॅनिक गाडीत बसला, आवारात दोन चकरा मारल्या आणि सहा वेळा ब्रेकवर असा पाय मारला की आतली पायपुसणी सरकली.

“एकदम ओके आहे, मॅडम.”

“तुम्ही हळू दाबून बघा.”

“हळू का दाबू?”

“दोष हळू दाबल्यावर दिसतो.”

मेकॅनिकने सल्लागारांकडे पाहिलं, सल्लागारांनी मेकॅनिककडे. घरात म्हातारं माणूस एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला लागलं की लोक एकमेकांकडे बघतात तसं. मग सल्लागारांनी संगणक माझ्याकडे वळवला. तक्रारीचे चार प्रकार होते: आवाज येतो, थरथर होते, वास येतो, चालकाची सवय. त्यांनी चौथ्यावर टिचकी मारली.

“अहो, ‘ब्रेक लागत नाही’ असा प्रकार कुठाय?”

“मॅडम,” ते अतिशय सौम्यपणे म्हणाले, “ब्रेक लागत नाही असं कंपनी स्वतः कशी लिहील?”

हातात पडलेल्या कागदावर शेवटची ओळ होती: ग्राहकास समजावून सांगितले.

“काय समजावलंत मला?”

“हेच, की प्रॉब्लेम नाहीये.”

“पण मला ते समजलेलं नाही.”

“त्याला रकाना नाही.”

अशी मी चार वेळा गेले. चारही कागदांवर मला समजावून सांगण्यात आलं होतं. इतकं समजूतदार मला लग्नातही कुणी म्हटलं नव्हतं. चौथ्या वेळी गाडी धुऊन दिली आणि आरशाला एक सुवासिक पुठ्ठा टांगला. त्यामुळे गाडी आता ब्रेक न लागता आणि लिंबाच्या वासात उतरणार होती.

मी ग्रुपवर लिहिलं, “सर्वांना विनंती, ब्रेक हळू दाबून तपासावेत. दोष असण्याची शक्यता आहे.” ‘शक्यता आहे’ हे माझं नेहमीचं दुखणं. आमच्या प्रयोगशाळेत शंभर टक्के कुणी लिहीत नाही. पण लोक ‘शक्यता आहे’ याचा अर्थ ‘नाही’ असा घेतात. पाच मिनिटांत तीन अंगठे आले, एक हात जोडलेला, आणि सेक्रेटरींचा निरोप: “वहिनी, असलं काही ग्रुपवर टाकू नका. उद्या गाड्या विकायच्या म्हटल्या तर?”

गाड्या घेऊन जेमतेम सात महिने झाले होते. विकायची कल्पना कुणाच्या मनात नव्हती. पण न विकायच्या गाडीची विक्रीची किंमत जपणं हा आमच्या इमारतीचा स्थायीभाव आहे.

आणि मग दाताच्या डॉक्टरांना पत्र आलं.

ते मला पार्किंगमध्येच भेटले. पत्राचा कागद त्यांनी चौघडी करून खिशात ठेवला होता, पण कंपनीचं चिन्ह वर दिसत होतं. मी मागितल्यावर त्यांनी नाइलाजाने दिलं. पत्राचं शीर्षक होतं ‘ऐच्छिक सेवा मोहीम’. खाली तीन परिच्छेद ग्राहकांवरच्या प्रेमाचे होते. शेवटून दुसऱ्या ओळीत, लग्नपत्रिकेत तळाशी ‘आहेर आणू नये’ लिहितात त्या अक्षरांत म्हटलं होतं की काही वाहनांच्या ब्रेकच्या नळकांड्यातली रबरी कडी बदलण्यात येईल. चेसिस नंबर दोन हजार नऊशे ते चार हजार एकशे सतरा.

डॉक्टरांचा नंबर चार हजार एकशे सतरा होता.

आमचा चार हजार एकशे अठरा.

मी तीनदा तपासलं. निसर्गात अशा सीमा नसतात. रबराला आपला नंबर माहीत नसतो. एकाच दिवशी, एकाच कारखान्यातून, एकापाठोपाठ बाहेर पडलेल्या दोन गाड्यांपैकी पहिलीची कडी वाईट आणि दुसरीची चांगली, हे कुठल्या शास्त्रात बसतं ते मला कुणीतरी दाखवावं. बहुधा कुणीतरी तपासायला बसलं असेल आणि चार हजार एकशे सतराला जेवणाची सुट्टी झाली असेल.

“डॉक्टर, लगेच बदलून घ्या,” मी म्हणाले.

“छे हो! एकदा का कागदोपत्री लागलं की ही दोषी गाडी आहे, की संपलं. कोण घेणार ती? आणि माझे ब्रेक उत्तम लागतात. मी कचकन दाबतो.”

“मग तुमचं पत्र मला द्या.”

“तुमच्या नंबरला लागू नाही ना पण.”

ज्याला हवं त्याला लागू नाही, आणि ज्याला लागू त्याला नको. मी तरीही हेल्पलाइनला फोन केला. तेवीस मिनिटं माझा फोन त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा होता. मग एका मुलीने गोड आवाजात माझा नंबर विचारला आणि आनंदाने म्हणाली, “अभिनंदन मॅडम, तुमची गाडी यादीत नाही!”

त्यानंतर मी सरकारकडे गेले. वाहनांच्या सुरक्षेच्या तक्रारींसाठी एक वेबसाइट आहे. अर्ज सोपा आहे, फक्त पाचव्या रकान्यात अपघाताची तारीख लिहावी लागते. ती लिहिल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. मी ‘अपघात झालेला नाही’ असं लिहिलं, तो लाल झाला. रिकामा ठेवला, लाल झाला. शेवटी चिडून पुढच्या महिन्यातली तारीख टाकून पाहिली. ‘कृपया घडलेल्या अपघाताचीच तारीख द्यावी.’

म्हणून अर्धा दिवस रजा काढून कार्यालयात गेले. खिडकीतल्या कारकुनांनी चष्मा कपाळावर चढवला होता आणि ते तो टेबलावर शोधत होते.

“कपाळावर आहे,” मी म्हणाले. त्यांना ते आवडलं नाही.

“अपघात कधी झाला?”

“झालेला नाही.”

“मग तक्रार कसली?”

“होऊ नये म्हणून.”

“होऊ नये ते आमच्याकडे नाही. आमच्याकडे झालेलं येतं. होऊ नये म्हणजे जनजागृती. दुसरा मजला.”

“अहो, पण नऊ गाड्या आहेत. खाली शाळा आहे.”

“बाई,” ते जवळजवळ मायेने म्हणाले, “काही झालं तर लगेच या. रांगेत उभं राहू नका, सरळ माझं नाव सांगा.”

दुसऱ्या मजल्यावर माझं मनापासून स्वागत झालं. त्यांच्याकडे आठ महिन्यांत कुणी आलेलं नव्हतं. त्यांनी मला ‘वेगाला आवर घाला’ असे दोन स्टिकर दिले, अभिप्रायाच्या वहीत चार ओळी लिहायला लावल्या आणि स्टिकर हातात धरून माझा फोटो काढला. तो फोटो त्यांच्या भिंतीवर असेल अजून. त्यात मी हसते आहे असं त्यांना वाटलं असेल. मी दात आवळले होते.

इकडे इमारतीत माझी कीर्ती पसरली होती. जिन्यात माणसं मला बघून पाय जपून टाकायची आणि “हळू हं, ब्रेक बघा,” असं एकमेकांना सांगायची. शेवटी तळमजल्यावरच्या कॅप्टननी या प्रकरणाचा निकाल लावायचं ठरवलं. कॅप्टन कुठल्याही सैन्यात नव्हते. ते कॉलेजात हॉकीच्या राखीव संघाचे कप्तान होते आणि तेव्हापासून त्या पदावरून उतरलेले नाहीत. रविवारी सकाळी नऊ वाजता पार्किंगमध्ये, सर्वांसमक्ष, ते आमच्याच गाडीवर प्रात्यक्षिक देणार, असं ग्रुपवर जाहीर झालं. लोक खुर्च्या घेऊन आले.

कॅप्टननी गाडी शहाण्यासारखी अर्धा तास बाहेर फिरवून आणली. हे माझ्या सांगण्यावरून, कारण ती तापायला हवी होती. मग आवारात शिरून त्यांनी कचकन ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी थांबली. टाळ्या झाल्या. पुन्हा मारला. पुन्हा टाळ्या. माझा नवराही वाजवत होता.

“आता हळू दाबा,” मी म्हणाले.

“काय?”

“हळूहळू. साबणावर पाय ठेवल्यासारखा.”

कॅप्टन सगळ्यांकडे बघून हसले, गाडी मागे घेतली, सावकाश पुढे आणली आणि एखाद्या बाळाला थोपटावं तसा ब्रेक दाबला. गाडी पुढे येत राहिली. कॅप्टनच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे मोठे झाले. गाडी अगदी बेताच्या वेगाने, कुणालाही घाबरायची संधी न देता, तीन कुंड्या आडव्या करून सेक्रेटरींच्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन टेकली. टेकताना ‘खट्’ असा आवाज झाला.

 मला त्या क्षणी, लाज वाटते सांगायला, आनंद झाला. नऊ साक्षीदार, एक सदोष गाडी, एक चेपलेला बंपर. याहून चांगला प्रयोग कुठल्याही प्रयोगशाळेत होत नाही.

“बघितलंत?” मी म्हणाले.

“बघितलं ना!” सेक्रेटरी ओरडले. “तुम्ही त्यांना हळू दाबायला सांगितलंत! हळू दाबल्यावर कुठला ब्रेक लागतो?”

“अगदी!” कॅप्टन गाडीतून उतरत म्हणाले. “मी आपला दाबत होतो कचकन. यांनी मधे तोंड घातलं.”

“साबण काय, बाळ काय...” कुणीतरी पुटपुटलं. बाळाचं मी म्हटलं नव्हतं. पण दुरुस्त कुणाकुणाला करणार? दाताच्या डॉक्टरांनी कुंडी सरळ केली आणि म्हणाले, “वहिनी, प्रयोग प्रयोगशाळेत करावेत.” नवरा दुसरीकडे बघत होता. एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांचे दाबमापक तपासते. त्या दिवशी माझा स्वतःचा काटा लाल पट्ट्याच्या पार पलीकडे गेला होता. मी वर गेले आणि वहीत नोंद केली: अकरावी वेळ.

त्या दिवसापासून मी गाडीला हात लावणं सोडलं. नवरा मात्र रोज नेत होता, गुरुवारी आईलाही. “तू नको चालवूस, मी आहे ना,” हे त्याचं उत्तर होतं, जणू भांडण गाडीशी नसून माझ्या पायाशी होतं.

बंपर मात्र सेक्रेटरींच्या मनाला लागला. त्यांनी सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन आवाज चढवला आणि दोन आठवड्यांत कंपनीशी बोलणी करून आले. बंपर कंपनी रंगवून देणार. शिवाय नऊही घरांना एक सर्व्हिसिंग फुकट आणि सीटची कव्हरं. त्यासाठी एका कागदावर नऊ सह्या हव्या होत्या.

गुरुवारी संध्याकाळी सेक्रेटरींच्या दिवाणखान्यात बैठक होती. त्याच दिवशी सकाळी नवरा आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन आला तो पुढचं चाक फाडून, गाडीची डावी बाजू खरवडून. “कुत्रं आडवं आलं,” म्हणाला. सासूबाई खोलीत जाऊन पडल्या. संध्याकाळी मात्र, “मीही येते,” म्हणून माझ्याबरोबर निघाल्या. त्या कधी बैठकीला येत नाहीत. मला वाटलं, सीटची कव्हरं बघायची असतील.

कव्हरं खरंच आली होती. टीपॉयवर नमुने मांडले होते, करडा आणि तपकिरी. त्यावर अर्धा तास चर्चा झाली. चहा झाला. मग कागद फिरायला लागला आणि आठ सह्या होऊन माझ्यापुढे आला, कारण आमची गाडी माझ्या नावावर आहे.

“वहिनी, तेवढी एक राहिलीय,” सेक्रेटरी म्हणाले.

मी वाचायला लागले.

“वाचताय काय, फॉर्मॅलिटी आहे हो.”

“‘आमच्या वाहनांच्या ब्रेकसंबंधी आमची कोणतीही तक्रार नाही,’” मी मोठ्याने वाचलं, “‘पूर्वी नव्हती, व पुढे असणार नाही.’ पुढचं यांना कसं माहीत?”

“भाषा असते तशी वकिलांची.”

“माझ्या चार तक्रारी आहेत.”

“त्या सवयीच्या,” कॅप्टन म्हणाले. “आणि तुमच्या एका सहीपायी आठ घरांची कव्हरं अडकलीयत.”

“मला तर वाटतं, दोष असलाच तर तो तुमच्याच गाडीत आहे,” दाताचे डॉक्टर म्हणाले. पत्र त्यांच्याच खिशात होतं.

नवऱ्याने माझ्यापुढे पेन सरकवलं. “कर गं सही. संपव एकदाचं.”

“आज सकाळी कुत्रं नव्हतं,” सासूबाई म्हणाल्या.

“आई...”

“तू थांब. कुत्रं नव्हतं. पोरं होती. छोटी छोटी. एकमेकांचे हात धरून चालली होती, पुढे त्यांची बाई होती. ह्याने ब्रेक दाबला, आणि ह्याचा गुडघा असा खाली गेला. मग मी दांडा ओढला. दोन्ही हातांनी ओढला. तेव्हा कुठे गाडी फिरून कठड्याला घासली.” त्यांनी आपले हात मांडीवर उलटे करून बघितले. “बाई ओरडलीसुद्धा नाही. तिला ओरडता आलं नाही.”

“आजी,” सेक्रेटरी समजुतीच्या सुरात म्हणाले, “डोळ्यांचा त्रास आहे तुम्हाला, कदाचित नीट दिसलं...”

“एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. दुसऱ्याने दिसतं.”

मी नवऱ्याकडे बघितलं. तो कपातला उरलेला चहा बघत होता.

“खरंय?”

त्याने होकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, “दुसऱ्यांदा झालं.”

“पहिल्यांदा कधी?”

“झाला महिना.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू तरी कुठे मोठ्याने बोलत होतीस?” तो हळूच म्हणाला. “तू मोजत होतीस.”

  त्याच्यावर संताप होता, सेक्रेटरींवर होता, त्या टायवर, त्या पाचव्या रकान्यावर होता, पण सगळ्यांत जास्त माझ्या वहीवर होता. एकशे सहा आकडे. त्यातले निदान शंभर मी नुसत्या भिडेपोटी घेतले होते.

 मग सेक्रेटरींनी घसा साफ केला.

“ठीक आहे. झालं ते झालं, कुणाला लागलं नाही हे महत्त्वाचं. आपण असं करू, आज सह्या उरकू, आणि पुढच्या महिन्याच्या बैठकीत ब्रेकसाठी एक छोटी समिती नेमू. कॅप्टन, तुम्ही अध्यक्ष. काय वहिनी?”

मी पेनाचं टोपण लावलं. माझा आवाज एरवी शेजारच्या खुर्चीपर्यंतही पोचत नाही. त्या दिवशी तो स्वयंपाकघरापर्यंत गेला असावा, कारण सेक्रेटरींची बायको कप हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली.

“सही मी करणार नाही,” मी म्हणाले. “आणि उद्या सकाळी सात वाजता माझी गाडी मी आपल्या फाटकात आडवी लावणार आहे. चाक फाटलेलं आहे, फाटकापर्यंत ती रखडत येईल, पण मग ढकलून हलणार नाही. मी आत बसणार, दारं लावून. कंपनीची माणसं येऊन नऊच्या नऊ गाड्यांच्या कड्या माझ्यादेखत बदलेपर्यंत या फाटकातून एकही गाडी बाहेर जाणार नाही. कामावर चालत जा. कंपनीला फोन करा, पोलिसांना करा, कुणाला करायचा त्याला करा. मला घाई नाही. माझ्या एकशे बारा रजा शिल्लक आहेत.”